दोनशे बाराच्या बिया

१

पुडी जागेवर होती. पुडीत बिया नव्हत्या.

पेरूच्या डोंगरांतल्या वाय्यापाम्पाच्या बटाटा संशोधन केंद्रातल्या बी-खोलीत निएवेस कामारेना तो खाकी कागद पुन्हा पुन्हा उलटा करून झटकत होती, जणू अजून थोडं झटकलं तर काही पडेल. कागदावर तिच्या वडिलांच्या थरथरत्या, न बघता लिहिलेल्या अक्षरात लिहिलं होतं, '२१२ ची पोरं. चौदाशे तीस.' वडील जाऊन चाळीस दिवस झाले होते. गुरुवारी लिमाहून समिती यायची होती. या बिया पाहूनच ती ठरवणार होती, की सेनोबियो कामारेना या माणसानं वीस वर्षं चालवलेलं काम पुढं न्यायचं की बंद करायचं.

कुलूप तुटलेलं नव्हतं. खिडकीची जाळी धड होती. आजूबाजूचे सगळे खण भरलेले होते. चोरानं ही एकच पुडी उघडली होती, रिकामी केली होती, आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवली होती.

"उंदरांनी खाल्लं म्हणावं, तर उंदीर घडी घालत नाहीत," भांडारी रुफिनो लासो म्हणाला. कुणी हसलं नाही.

निएवेस तिथून तडक गावात गेली, अकिलिना बाईंकडे.

जून महिना होता, कडाक्याच्या थंडीचा. बाई अंगणात वाळल्या गवतावर लिंबाएवढे बटाटे पसरत होत्या. रात्रीच्या दंवात ते गोठायचे, दुपारच्या उन्हात मऊ पडायचे आणि मग पायांनी तुडवून, पाणी काढून वर्षभरासाठी वाळवायचे. बाईंचं वय एकाहत्तर. अडतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेलं. शाळेची घंटा चोरणारा त्यांनी एकदा त्याच्या शेळीच्या वागण्यावरून पकडला होता, आणि तेव्हापासून गावात काहीही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्या दारात यायचे.

निएवेसचं सगळं ऐकून घेईपर्यंत बाईंचे हात थांबले नाहीत.

"बाई, लोक आता म्हणायला लागलेत, बिया कधी नव्हत्याच. म्हातारा शेवटी शेवटी स्वप्नं बघत होता म्हणे." "काम बंद झालं तर होऊ दे. पण त्यांना खोटारडं म्हणू नये कुणी."

बाईंनी पुडी मागून घेतली. पाच घड्या, आणि शेवटची टोकाला आत खोचलेली. जुन्या वैद्यांच्या पुडीसारखी.

"तुमच्या केंद्रात सगळे अशीच घडी घालतात?"

"हो. बाबांनीच शिकवलेली."

"मग चोर बाहेरचा नाही," बाई म्हणाल्या आणि शाल घ्यायला आत गेल्या.

२

रुफिनोनं बाईंना बी-खोलीत खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. चाळिशी उलटली होती, पण बाईंसमोर बसायची त्याची अजून हिंमत नव्हती.

"दोनशे बारा म्हणजे काय ते मला सांग," बाई म्हणाल्या. "मला काहीच माहीत नाही असं धरून सांग."

"तुम्ही मला तिसरीत दोनदा बसवलंत, बाई, आणि आता शिकवायलाही मलाच सांगताय." पण त्याला बरं वाटलं होतं. त्यानं एक बटाटा उचलला. "हा आपला रोजचा. याच्या पेशीत वारशाचे चार वाटे असतात. आणि वर डोंगरात दगडांमधून आपोआप येतो, तो कडू, कोल्ह्याचा बटाटा. त्याच्यात दोनच वाटे. पण त्याला दंव मारत नाही. सगळं शेत काळं पडतं आणि हा हिरवागार उभा. सेनोबियो इंजिनियरांना तो गुण आपल्या बटाट्यात आणायचा होता. पण चाराचं आणि दोनाचं लग्न जमत नाही. मूल होत नाही. म्हणून आधी चाराचा दोन करायचा. अर्धा बटाटा."

"सुरीनं?"

"सुरीनं नाही, बाई. खोट्या नवऱ्यानं."

खालच्या काचघरात जांभळ्या फुलांची एक जात कायम कुलपात ठेवलेली असायची. तिला सगळे 'खोटा नवरा' म्हणत. त्याचा पराग आपल्या बटाट्याच्या फुलाला लावला की फुलाला वाटतं लग्न झालं, आणि ते बी धरतं. पण त्या बीत नवऱ्याचा वाटा जातच नाही, आईचा अर्धा तेवढा असतो. मात्र हा नवरा कधीकधी खरंच बाप होऊन बसतो, आणि दोन वाट्यांच्या झाडावर तर नेहमीच. तसं झालं, की बीच्या पोटातल्या कोंबावर जांभळा ठिपका उमटतो.

"ठिपका म्हणजे त्याचं पोर, फेकून द्यायचं. ठिपका नाही ते आपलं," रुफिनो म्हणाला. "भिंगातून बघावं लागतं. ते काम एदेल्मिरा पोमाचं. वीस वर्षं बघतेय, लाखो बिया झाल्या असतील."

पण असे अर्धे बटाटे बहुतेक वांझ. फूल सुरेख येतं, पराग मेलेला. वीस वर्षांत दोनशे अकरा अर्धे तयार झाले आणि दोनशे अकरा वांझ निघाले. दोनशे बाराव्याचा पराग यंदा फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सणाच्या सोमवारी सेनोबियो इंजिनियरांनी स्वतःच्या हातानं कोल्ह्याच्या बटाट्याच्या फुलांना लावला. एकोणीस फळं धरली. एप्रिलात फळं पिकली, बिया धुऊन वाळवल्या. मे महिन्यात इंजिनियर गेले.

बाईंनी विचारलं, गेल्या आठवड्यात या बियांबद्दल काही बोलणं झालं होतं का. झालं होतं. शनिवारी सकाळी चहाच्या वेळी नवे प्रमुख बेयीदो साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, सोमवारी दहा वाजता या बिया मी भिंगाखाली घालणार. त्यानंतर खोलीत रुफिनो येऊन गेला होता, साहेब येऊन गेले होते आणि एदेल्मिराही. एक किल्ली रुफिनोच्या कमरेला, दुसरी कार्यालयात खिळ्याला.

"तिघांत तूही आलास," बाई म्हणाल्या.

"आलो की. धरा मला. पण माझ्याकडून एक कागद कधी हरवला नाही, बाई. बिया वाळवलेली रद्दीसुद्धा मी फेकत नाही. खणांत अंथरतो."

बाई उठता उठता थांबल्या. पण रुफिनोला काही न विचारता त्या प्रमुखांच्या खोलीकडे वळल्या.

३

तादेओ बेयीदो पस्तिशीचा, लिमाचा, उंचावरच्या हवेत अजून धाप लागणारा. गावानं त्याला चोर ठरवून टाकलं होतं, आणि ते त्याच्या कानावर आलं होतं.

"बाई, मी त्या बिया कशाला चोरीन? खऱ्या असत्या तर केंद्राचं नाव झालं असतं. खोट्या असत्या तर मला त्या लोकांना दाखवायच्याच होत्या." तो थोडा थांबला. "खोट्या असतील असं मला वाटत होतं. ते मी लपवत नाही."

का वाटत होतं, ते त्यानं टेबलाचा खण उघडून दाखवलं. एका कागदाची प्रत होती. कार्निव्हलच्या आठवडाभर आधी त्यानं दोनशे बाराचा पराग लाल रंगात घालून तपासला होता. जिवंत कण रंग पितो, मेलेला पीत नाही. शंभरात तीन कणांनी रंग घेतला होता.

"शंभरात तीन. एवढ्यावर एकोणीस फळं धरत नाहीत, बाई. एखादं धरलं तर नशीब."

"सेनोबियोंना हे सांगितलंत?"

"लेखी दिलं. ते तेव्हा अंथरुणावर होते, म्हणून एदेल्मिराच्या हाती पाठवलं. त्यांचं काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, म्हातारा रागावला." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी नंतर त्यांच्या दारात एकदाही गेलो नाही. जायला हवं होतं."

बाईंनी निएवेसला बोलावून विचारलं. असा कागद घरी आलाच नव्हता. वडिलांना तर ती स्वतः सगळं वाचून दाखवायची, त्यांचे डोळे जानेवारीपासूनच गेले होते.

४

एदेल्मिरा पोमा केंद्राच्या स्वयंपाकघरात मक्याचे दाणे सोलत बसली होती. पायांशी गिनीपिगांची पिलं चुकचुकत फिरत होती. एवढ्या बारीक बोटांची बाई साऱ्या खोऱ्यात नव्हती. उमलायच्या आदल्या दिवशी कळी उघडून, आतले नर भाग चिमट्यानं काढून, फुलाला ओरखडाही न पाडता ती मिटवून ठेवायची. अंगावर काळा घागरा, काळी शाल. मागच्या नोव्हेंबरात तिची आई गेली होती, आणि वर्ष व्हायचं होतं.

"बसा, बाई. मुन्याचा, आपल्या डोंगरी पुदिन्याचा चहा टाकते," ती म्हणाली. चहा होईपर्यंत दोघी शाळेतल्या गोष्टी बोलल्या. रुफिनो केवढा रडका होता, आणि आता भांडाराचा राजा झालाय, यावर एदेल्मिरा हसलीसुद्धा.

मग ती आपण होऊनच सेनोबियोंबद्दल बोलू लागली. कार्निव्हलच्या सोमवारी त्यांना खुर्चीत बसवून वरच्या जाळीघरात, कोल्ह्याच्या बटाट्यांकडे नेलं. हात इतका कापत होता, की परागाची कुपी दोनदा पडली. दिसत नव्हतं, म्हणून फूल तिनं धरायचं आणि त्यांनी अंदाजानं टेकवायचं. डॉक्टरांनी मे-जून सांगितला होता. यंदा नाही तर नाही, एवढंच ते म्हणाले.

"शेवटी काही बोलले?"

"बियांचंच. म्हणाले, एदेल्मिरा, एकेक बी भिंगाखाली घाल. मी हो म्हटलं." ती दाणे सोलत राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "बाई, बिया सापडल्या तर काय होईल?"

सापडल्या तर. सकाळपासून भेटलेल्या प्रत्येकानं बाईंना विचारलं होतं, सापडतील ना? हिनं ते विचारलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा बी-खोलीत गेल्या आणि त्यांनी रुफिनोला सगळ्या खणांतली रद्दी बाहेर काढायला लावली. तो कुरकुरला, पण काढली. अकराव्या खणाच्या तळाशी एक जुनं वर्तमानपत्र निघालं. कोपऱ्यात पेन्सिलीनं '२१२' असं लिहिलं होतं.

बटाट्याचं फळ कुस्करून बिया धुतल्या तरी त्या चिकट राहतात. कागदावर वाळत घातल्या की दहा-पाच कायमच्या चिकटून बसतात. चोरानं पुडी रिकामी केली, पण रुफिनोचा चिक्कूपणा त्याच्या ध्यानात आला नाही. कागदावर नऊ बिया होत्या.

बेयीदो आला, निएवेस आली. रुफिनोनं कागद ओला करून एक बी सोडवली, काचेवर ठेवली, खालून उजेड सोडला आणि भिंगाला डोळा लावला.

"ठिपका आहे," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या बीत होता. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बीतही होता. रुफिनोचा चेहरा उतरला. "बाई, ही खोट्या नवऱ्याची पोरं आहेत. दोनशे बाराचा काही संबंध नाही."

निएवेस भिंतीला टेकली. तिला जे ऐकायचं नव्हतं तेच आता भिंगातून समोर आलं होतं. फसवणूक झाली होती, आणि फळांवर नाव होतं ते तिच्या वडिलांचं.

"ज्या माणसाला ताटातला घास दिसत नव्हता, तो फसवणूक कशी करील?" बाई तिला म्हणाल्या. "खोटा नवरा वरच्या जाळीघरात पोचला कसा, ते शोधू."

त्यावर रुफिनोनं वही उघडली. खोट्या नवऱ्याचा पराग औषधाच्या कुप्यांत भरून थंड पेटीत ठेवत, आणि एकेका कुपीची नोंद असे. यंदाच्या चाळीस, वापरलेल्या तेहतीस, उरलेल्या सात. एकही कमी नव्हती. वर जाताना अंगरखा बदलायचा, स्पिरिटनं हात धुवायचे, तेही तो दारात उभं राहून करून घ्यायचा. कुपी बाहेर गेलीच नव्हती.

"उरलेल्या चार बिया बघायच्या?" बेयीदोनं विचारलं. आवाज थकलेला होता.

"राहू द्या, उद्या बघू," रुफिनो म्हणाला. "आता बघून काय होणार?"

बाईंनी कागदाची घडी घातली आणि भिंगासह आपल्या पिशवीत ठेवली. मुलांच्या वह्या त्यांनी कधी अर्धवट तपासून सोडल्या नव्हत्या, मग बिया तरी कशा सोडणार.

६

दुपारी त्या निएवेसच्या घरी बसल्या. सूप पुढं आलं, पण दोघींचंही लक्ष त्यात नव्हतं. समोरच्या भिंतीवर एक रंगीत फोटो होता. यंदाच्या कार्निव्हलचा, मंगळवारी सकाळी केंद्राच्या फाटकाशी काढलेला. मध्ये घोंगडीत गुंडाळलेले सेनोबियो, भोवती बायका. सगळ्यांच्या टोप्यांवर बटाट्याची फुलं खोचलेली, कार्निव्हलला खोचतात तशी.

बाई फोटोजवळ गेल्या. पुन्हा जागेवर आल्या. पुन्हा गेल्या.

"यंदा खालच्या शेतात काय लावलं होतं?"

"पांढऱ्या फुलांचा. सगळीकडे तोच."

फोटोत सात टोप्यांवर पांढरी फुलं होती. आठव्या टोपीवर जांभळी. आणि ती टोपी घालणारी बाई काळ्या शालीत होती. आईला जाऊन तीन महिने झालेली मुलगी कार्निव्हलला नाचत नाही, टोपीत फूल घालत नाही. हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

"सुट्टीच्या दिवशी खालच्या काचघराला पाणी कोण घालतं?"

"एदेल्मिरा," निएवेस म्हणाली, आणि मग फोटोकडे बघतच राहिली.

कुप्या मोजलेल्या असतात. फुलं कोण मोजतं? अंगरखा बदलतात, हात धुतात. कार्निव्हलच्या दिवशी टोपीतलं फूल काढ असं बाईमाणसाला कोण म्हणेल?

बाईंना आता एकच विचारायचं उरलं होतं. "निएवेस, दोनशे बाराच्या झाडाखाली कंद लागले असतील ना? ते कुठं आहेत?"

"तीनच लागले होते, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे." निएवेसनं डोळे पुसले. "पुरताना बाबांच्या कोटाच्या खिशात ठेवले मी. कोकाची पानं, पाव, आणि ते. वाटेत खायला झालं, पण तिकडं पोचल्यावर काही लावायला हवं ना त्यांना. आणि इथं बिया होत्याच."

"एदेल्मिरा तिथं होती?"

"माझ्या शेजारीच उभी होती. मी तिला विचारलंसुद्धा, ठेवू का म्हणून. ती म्हणाली, ठेव."

वीस वर्षं ज्या झाडाची वाट बघितली, त्याचे जगात उरलेले तीनच कंद मातीत जाऊ द्यायला ती हो म्हणाली. बाईंनी सूप बाजूला सारलं. ते झाड वांझ आहे अशी खात्री असल्याशिवाय एदेल्मिरा पोमा असं म्हणणार नव्हती.

निएवेसनं टेबल आवरायला घेतलं तेव्हा बाई उरलेल्या चार बिया घेऊन खिडकीशी बसल्या. उजेड चांगला होता. भिंगावर त्यांचा डोळा खूप वेळ होता.

७

एदेल्मिराचं घर ओढ्याकाठी होतं. ती चुलीपाशी होती. बाईंना बघून तिनं जाळ मागं ओढला.

"तुला तिसरीतले डबे आठवतात?" बाईंनी बसत विचारलं. "प्रत्येकानं डब्यात घेवड्याचा दाणा लावायचा होता. रुफिनोचा उगवला नाही. तो दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात कोंब होता आणि तुझा डबा रिकामा."

एदेल्मिरानं चुलीतली राख सारखी केली.

"मला तेव्हाच कळलं होतं. मुळाशी तुझ्या अंगणातली लाल माती होती. मी तुला बोलायला हवं होतं. मी फक्त तुझ्या डोक्यावरून हात फिरवला." बाईंनी आपले हात मांडीवर ठेवले. "बेयीदोंचा कागद तू पोचवला नाहीस."

"शंभरात तीन लिहिलं होतं, बाई. त्यांना वाचून दाखवायचं? त्यांना?" तिचा आवाज चढला नाही. "सोमवारी त्यांनी आपलं लावलं. मंगळवारी मी खालची फुलं टोपीत घालून वर गेले आणि त्याच फुलांना पुन्हा लावलं. मग फळं धरली. त्यांनी एकेका फळावरून बोट फिरवलं. एकोणीस, म्हणाले. मला परत मोजायला लावलं. दोन महिने त्यांनी मॉर्फिन मागितलं नाही."

मग शनिवार उजाडला. बेयीदो भिंग काढणार होता, आणि ठिपके दिसले असते, आणि लोक म्हणाले असते की म्हाताऱ्यानं मरता मरता फसवलं. बिया हरवल्या, तर निदान नुसत्या हरवल्या असं झालं असतं.

"कुठं आहेत त्या?"

एदेल्मिरानं चुलीकडे बघितलं.

बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पिशवीतून भिंग काढून जमिनीवर ठेवलं.

"सेनोबियो तुला म्हणाले होते, एकेक बी भिंगाखाली घाल. घातलीस?"

"बघायचं काय होतं त्यात? मीच लावलं होतं."

"लाखो बिया बघितल्यास, आणि या तेवढ्या बघितल्या नाहीस." बाईंनी काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरलेल्या दोन बिया पुढं केल्या. "कागदाला नऊ चिकटल्या होत्या. सात तुझ्या. या दोन बघ."

दारातून दुपारचं ऊन येत होतं. एदेल्मिरानं काच उजेडात धरली, सवयीनं डावा डोळा मिटला. एक बी बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली.

"यांना ठिपका नाही, बाई."

"नाही. कोल्ह्याच्या बटाट्याचा स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, हे मला सगळ्यांनी सांगितलंय, आणि त्याची कळी तर तू रिकामी केली होतीस. मग यांचा बाप कोण?"

शंभरात तीन जिवंत होते. ते एक दिवस आधी पोचले होते. कापऱ्या हातानं, अंदाजानं, पण पोचले होते.

"किती असतील?" ती म्हणाली. "त्या चौदाशेंत. बाई, किती असतील?"

बाईंना हिशेब येत होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विद्यार्थ्यानं विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही. चुलीतली राख राखाडी, मऊ होती, कुठल्याही राखेसारखी. एदेल्मिरा तिच्याकडे बघत बसून राहिली आणि बाई तिच्याजवळ बसून राहिल्या.

८

गुरुवारी समितीसमोर एदेल्मिरानं सगळं स्वतः सांगितलं. कुणाला वाचवलं नाही, स्वतःला तर नाहीच. समितीनं दोन बिया बघितल्या, आपसांत चर्चा केली, आणि काचघर एक हंगामापुरतं चालू ठेवायचं ठरवलं. एदेल्मिराला कामावरून काढण्यात आलं. बेयीदोनं त्या कागदावर सही केली आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

निएवेसनं तिला एकच विचारलं. "त्यांना कळलं होतं का? म्हणून म्हणाले का, एकेक बी बघ?"

"माहीत नाही," एदेल्मिरा म्हणाली. निएवेस तिच्याशी नंतर बोलली नाही, पण तिच्याविरुद्धही कुणाला बोलू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये बेयीदोनं त्या दोन बिया औषधाच्या पाण्यात भिजवून दोन डब्यांत लावल्या. डबे रुफिनोनं दिले, दुधाच्या पावडरचे. ते काचघरात दक्षिणेकडच्या फळीवर होते, बाहेरून दिसतील असे. फळी त्यानंच तिकडे सरकवली होती आणि त्याबद्दल तो कुणाशी काही बोलला नव्हता.

रविवारच्या बाजारातून परत जाताना एदेल्मिरा काचेबाहेर थांबायची. पाठीवरच्या गाठोड्यात मका असायचा. तिसऱ्या रविवारी एका डब्यात दोन पानांचा कोंब दिसला, नखाएवढा. दुसरा डबा रिकामा होता.

रुफिनो आतून आला आणि तिच्याजवळ उभा राहिला.

"तो घेवडा माझा नव्हता, ते मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "मी घरी सांगितलं, माझा उगवला. आई खूश झाली. मी मात्र त्याला कधी पाणी घातलं नाही."

त्यानं खिशातून किल्ली काढून दाराचं कुलूप उघडलं, दार लोटून ठेवलं आणि भांडाराकडे निघून गेला.

एदेल्मिरानं टोपी काढून बाहेरच्या खुंटीला टांगली. हात धुतले. आत जाऊन तिनं कोंबाच्या डब्यात थोडं पाणी घातलं. मग रिकाम्या डब्यातही घातलं, तेवढंच. त्या मातीत बोट घालून बघावं असं तिला फार वाटलं. तिनं हात मागं घेतला, आणि तो डबा होता तसाच फळीवर राहू दिला.